पाण्यामागची खिडकी

आमच्या कॉलेजातले भूगोलाचे प्राध्यापक गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपचा प्रवास करून आले. युरोपला जाऊन आलेला माणूस एरवी पॅरिसचा मनोरा आणि स्वित्झर्लंडचा बर्फ दाखवतो. पण हे गृहस्थ मुळातच वाकड्या वाटेचे. ते थेट बल्गेरियात जाऊन आले. एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले, सौ.ने पुढे ठेवलेल्या शेंगापोळीचा त्यांनी मनापासून समाचार घेतला, आणि मग मोबाइलवरची छायाचित्रे एकामागून एक दाखवू लागले.

त्यांत वेलिको तार्नोवो नावाचे एक जुने गाव होते. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून १३९३ साली तुर्कांच्या हाती पडेपर्यंत ही बल्गेरियाची राजधानी होती. यांत्रा नावाची नदी इथे अशी काही वळणे घेते की त्सारेवेत्स नावाची किल्ल्याची टेकडी जवळजवळ सर्व बाजूंनी पाण्याच्या विळख्यात सापडते. खाली नदी, वर तटबंदी, आजूबाजूला हिरवे डोंगर. प्राध्यापकमजकूर नदीचे वळण कसे तयार होते हे आम्हांला समजावून सांगत होते, आणि आम्ही सुपारी कातरत ऐकत होतो.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत अण्णा, म्हणजे माझे वडील, बसले होते. त्यांनी हात पुढे केला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि शांतपणे म्हणाले, "हे नळदुर्ग आहे."

"नाही अण्णा, हे बल्गेरिया," प्राध्यापक अदबीने म्हणाले.

"असेल की. पण हे नळदुर्ग आहे. याच्या पोटात एक खिडकी आहे. तिथं आई बसली होती. पुढनं पाणी पडत होतं. आई काहीतरी म्हणाली, ते ऐकूच आलं नाही."

एवढे बोलून त्यांनी मोबाइल परत दिला आणि चहा झाला का नाही ते विचारले. चहा नुकताच झाला होता.

अण्णांचे वय आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. सोलापुरातल्या एका गिरणीत त्यांनी आयुष्यभर हिशेब लिहिले, आणि पैशाची चूक कधी होऊ दिली नाही. त्याच माणसाला गेली तीन-चार वर्षे सकाळी काय खाल्ले ते दुपारी आठवत नाही. मला ते कधी माझ्या नावाने, कधी त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारतात. अशा वेळी जुने तेवढे लखलखीत राहते म्हणतात. पण आमच्या डॉक्टरांनी मला बजावून ठेवले होते की, अशी माणसे स्मरणातली भोके मनाने रचलेल्या गोष्टींनी बुजवतात. त्यांच्याशी वाद घालू नका, आणि त्यांच्यावर फार विसंबूही नका.

मी मराठीचा प्राध्यापक. आयुष्य पाठभेदांत गेले. नाथमहाराजांनी १५८४ साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती परंपरा मी दरवर्षी मुलांना शिकवतो. तेव्हा प्रक्षिप्त ओवी म्हणजे काय हे मला चांगले कळते. अण्णांची ही खिडकी मला तशीच प्रक्षिप्त वाटली. कारण आमच्या घरात नळदुर्गाबद्दल कोणी एक चांगला शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. माझे आजोबा निजामाच्या राज्यात, नळदुर्गला शाळामास्तर होते. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांचा उपद्रव वाढला तेव्हा एका रात्री आजोबा, आजी आणि दोन पोरे बैलगाडीत कडब्याखाली बसून सोलापूरच्या हद्दीत आली. मागे राहिली ती दोन ट्रंका पुस्तके आणि एक दुभती म्हैस. त्या काळी सरहद्दीपलीकडून अशी पुष्कळ कुटुंबे सोलापुरात आली. आम्ही त्यांतलेच एक. आजी माझ्या लहानपणापर्यंत होती. म्हशीबद्दल ती शेवटपर्यंत हळहळे. खिडकीबद्दल तिने एक अक्षर काढले नाही. आणि अण्णा? सोलापूरपासून नळदुर्ग पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. हैदराबादच्या रस्त्यावर एस्. टी.त बसले की तास-सव्वा तासात माणूस पोचतो. पण पाऊणशे वर्षांत अण्णा तिथे गेले नाहीत. लग्नकार्याला उमरग्याला जायचे झाले तरी गाडी नळदुर्गाहून जाताना ते डोळे मिटून बसत. आम्हांला वाटे, त्यांना गाडी लागते.

प्राध्यापक गेल्यावर सौ. म्हणाली, "खिडकी आहे की नाही ते जाऊन बघायला काय हरकत आहे? बल्गेरियाला तर जायचं नाही ना!"

खिडकी आहे हे मला पुस्तकी ज्ञानाने ठाऊक होते. नळदुर्गचा पाणीमहाल प्रसिद्ध आहे. प्रश्न होता तो पुढून पडणाऱ्या पाण्याचा.

इथे ठाऊक नसलेल्यांसाठी थोडे सांगितले पाहिजे. नळदुर्ग आज धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात आहे. बालाघाटच्या काळ्या कातळावर हा किल्ला उभा आहे आणि बोरी नावाची, पुढे भीमेला मिळणारी नदी त्याच्या अंगाला बिलगून जाते. नदीच्या पलीकडच्या काठावर रणमंडळ नावाचा दुसरा, छोटा किल्ला. या दोन किल्ल्यांना जोडणारा एक प्रचंड दगडी बंधारा नदीवर घातलेला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या जाडीत, म्हणजे भिंतीच्या पोटातच, महाल कोरल्यासारखा बांधून काढला आहे. पाणी वाढले की ते बंधाऱ्यावरून दोन ठिकाणी खाली कोसळते. लोकांनी त्या दोन धारांना नावे ठेवली आहेत, नर आणि मादी. पण ही कोरड्या मुलखाची नदी. वरच्या अंगाला आता नव्या काळातले धरण झाले आहे. ते भरून वाहील तेव्हा बोरीला पाणी, आणि बोरीला पाणी येईल तेव्हा नर-मादीला. कित्येक वर्षी ते येतच नाही.

श्रावणात मी एकटा जाऊन पाहून आलो. बंधाऱ्याची भिंत उन्हात तापलेली, तिच्या सांध्यांतून पारवे घुमत होते आणि खाली नदीच्या पात्रात दोन पोरे शेळ्या चारत होती. फाटकाजवळच्या चहावाल्यापाशी बसून मी माझी अडचण त्याला सांगितली. त्याने माझा नंबर घेतला आणि म्हणाला, "सुटलं की फोन करतो मास्तर. पण भरवसा धरू नका. पाणी हाय ते, पाव्हणा नव्हं."

तो फोन भाद्रपदाच्या वद्य पक्षात आला. पितृपंधरवडा चालू होता. पण धबधब्याला मुहूर्त लागत नाही. "सुटलंय बघा, दोन्ही बी!" एवढेच त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची मोटार सांगून, मागे चाकांची खुर्ची, पुढे अण्णा, आणि पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी व दही-भात अशा सरंजामानिशी आम्ही निघालो.

बोरामणी, तांदूळवाडी मागे पडली. हा रस्ता आता इतका रुंद आणि गुळगुळीत झाला आहे की, दोन बाजूंना काय आहे ते पाहायला माणसाला सवडच उरत नाही. पण त्या दिवशी पाहण्यासारखे होते. सोलापूरचा माणूस हिरव्या रंगाला पारखा असतो. त्याला भाद्रपदात बालाघाटाच्या पायथ्याशी आणून सोडावे. बांधावर कुर्डू आणि आघाडा माजलेला, माळावर तरवड पिवळाधमक फुललेला, तुरी कमरेला आलेल्या, आणि मधूनच ज्वारीसाठी राखून ठेवलेली काळी रिकामी रानं. इटकळ गेल्यावर अण्णा एकाएकी सावरून बसले. डोळे मात्र त्यांनी या वेळी मिटले नाहीत.

"प्रथम खंडोबाला," ते म्हणाले.

नळदुर्गजवळ मैलारपूरला खंडोबाचे जुने ठाणे आहे. आमचे ते कुलदैवत, हे मला ठाऊक होते; पण नैवेद्य आम्ही नेहमी जेजुरीच्या दिशेने दाखवत आलो. देवळापाशी पोचलो तर दार उघडे, ओटा झाडलेला, आणि आत देव नाही! सौ. घाबरलीच. तेथल्या एका म्हाताऱ्या बाईने समजूत घातली. देव जवळच्या अणदूरला गेले होते. मूर्ती एकच, देवळे दोन. वर्षातले सव्वादहा महिने खंडोबा अणदूरला राहतात आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. मार्गशीर्षात ते इकडे येतात, पौषी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते, आणि मग ते पुन्हा अणदुरास जातात. दोन्ही गावच्या मंडळींत तसा रीतसर लेखी करार होतो, म्हणजे देवाच्या राहण्याचा वाद कोर्टात जायला नको. आमच्याकडे दोन भावांत म्हातारे आईबाप असेच वाटून घेतात. फरक इतकाच की, खंडोबाला न्यायला दोन्ही गावे वाजतगाजत येतात.

अण्णांनी रिकाम्या गाभाऱ्याला नमस्कार केला. "मला म्हाईत होतं," ते म्हणाले. "भादव्यात देव घरी नसतो." अण्णांच्या तोंडी 'म्हाईत' हा शब्द मी प्रथमच ऐकला. सोलापुरात ते गिरणीतल्या कारकुनी मराठीत बोलत.

गावात शिरलो. नळदुर्ग हे नाव नळराजावरून पडले अशी इथली श्रद्धा आहे. दमयंतीचा नळ निषध देशाचा. त्याचा या बोरीकाठाशी संबंध लावायला पुराणाचा आधार नाही. पण मराठीच्या मास्तराला या नावाचे अप्रूप असतेच. रघुनाथ पंडितांचे नलदमयंतीस्वयंवराख्यान शिकवताना मी वर्षानुवर्षे त्या हंसाचे गोडवे गायलो आहे. नदीकाठी बगळे बसले होते. त्यांनाच मी मनातल्या मनात हंस समजून घेतले. इतिहासापुरते बोलायचे तर, कल्याणीच्या चालुक्यांच्या कोणा मांडलिकाचा हा मूळ किल्ला असावा. पुढे तो बहामनींकडे आणि त्यांच्या राज्याचे तुकडे झाल्यावर विजापूरच्या आदिलशहांकडे आला. पहिल्या अली आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या मध्याला त्याची तटबंदी दगडात बांधून काढली. अलीची राणी म्हणजे अहमदनगरची चांदबीबी. सोलापूरचा किल्ला तिच्या लग्नात आंदण म्हणून विजापूरकरांना मिळाला. म्हणजे नळदुर्ग आणि सोलापूर ही एका राणीच्या नात्याने जोडलेली भावंडे होत. १६८६ त विजापूर बुडाले तेव्हा नळदुर्ग मोगलांकडे गेला आणि मग निजामाकडे.

तपशिलात मी शिरत नाही. पण एका साहेबाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८५३ साली निजामाने फौजेच्या कर्जापोटी काही मुलूख इंग्रजांना तोडून दिला, त्यात नळदुर्ग होता. तिथे अंमलदार म्हणून आला तो फिलिप मेडोज टेलर. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा तोच. चार वर्षे तो इथे राहिला. तुळजापूरच्या भवानीची आणि अफझलखानाच्या स्वारीची पार्श्वभूमी असलेली 'तारा' ही त्याची कादंबरी १८६३ त निघाली. हा मुलूख त्याच्या डोळ्यांत बसला होता हे ती कादंबरी सांगते. १८६० त जिल्हा निजामाला परत मिळाला. तेव्हा आणि पुढेही, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, या साऱ्या जिल्ह्याचेच नाव नळदुर्ग होते. आज तो तालुक्याचेही गाव नाही. ज्या गावाला इतका इतिहास असतो त्याला पुढे फारसे काही होण्याची गरज वाटत नसावी.

किल्ल्याचे महाद्वार ओलांडून आत गेलो. गेल्या दहाएक वर्षांत किल्ल्याची बरीच निगा राखली गेली आहे. गवत कापलेले, रस्ते आखलेले, तिकीट लावलेले. मला स्वतःला पडझडीचे किल्ले अधिक आवडतात. पण चाकांची खुर्ची ढकलताना माणसाची आवड बदलते. तटाला ११४ बुरूज आहेत असे सांगतात. मोजायला मी गेलो नाही. नवबुरूज तेवढा मुद्दाम पाहिला. साधा बुरूज गोल असतो. याला नऊ पाकळ्या आहेत, जणू काळ्या दगडाचे एखादे अर्धवट उमललेले फूल तटाला चिकटवून ठेवले आहे. तोफेचा गोळा सपाट भिंतीवर जोराने बसतो, वक्र भिंतीवरून घसरतो, म्हणून ही पाकळ्यांची युक्ती असे आमचे इतिहासाचे सहकारी सांगतात. असेल. पण ज्याने ती आखली त्याच्या मनात केवळ तोफगोळेच होते, असे मला तरी वाटले नाही.

सौ. आणि अण्णांना निंबाच्या सावलीत बसवून मी उपळ्या बुरुजावर चढलो. किल्ल्यातली ही सर्वांत उंच जागा. माथ्यावर दोन लांबलचक तोफा पडून आहेत. एकीला हत्ती तोफ म्हणतात, दुसरीला मगर तोफ. तिथून बोरीचे सगळे वळण दिसते. आणि खरोखर सांगतो, मला तार्नोवोची आठवण झाली! कातळात खोल गेलेली नदी, तिच्या मिठीतला तट, पलीकडे रणमंडळ, आणि दूरवर बालाघाटाच्या निळसर कडा. अण्णांनी मोबाइलवरच्या त्या बोटभर चित्रात नळदुर्ग ओळखला होता तो काही वेडेपणाने नव्हे. चित्रातले घर, चर्च, झाडे त्यांना दिसलीच नसतील. नदीचे वळण तेवढे दिसले असेल. आठ वर्षांच्या पोराच्या डोळ्यांत गावाचा नकाशा असाच शिल्लक राहत असला पाहिजे.

त्याच बुरुजावरून हमरस्त्याची बाजूही दिसते. या रस्त्यावरचा बोरीचा पूल मी लहानपणापासून शंभर वेळा ओलांडला असेन, पण त्याच्याकडे मान वळवून कधी पाहिले नव्हते. १९४८ च्या १३ सप्टेंबरला पहाटे चार वाजता भारतीय फौजा सोलापूरहून हैदराबादच्या हद्दीत शिरल्या. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी त्यांचे सेनापती. पहिली गाठ नळदुर्गलाच पडली. इथे हैदराबादी पायदळाची तुकडी होती. तिने पूल उडवला असता तर रणगाडे नदीअलीकडे अडकून पडले असते. पूल उडण्याच्या आत हाती आला. शीख पलटणीच्या दुसऱ्या तुकडीतले हवालदार बचित्तरसिंग त्या सकाळी याच परिसरात धारातीर्थी पडले. त्यांना पुढे मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. सकाळी नऊला रणगाडे आठ किलोमीटर पुढे जळकोटला पोचले होते, दुपारी उमरग्याला. आणि १७ तारखेला सगळे आटोपले. आमचे आजोबा त्या दिवशी सोलापुरात एका वाड्याच्या ओसरीवर बसून तोफांच्या आवाजाकडे कान लावून होते, एवढे घरात ऐकले होते. 'आता परत जायचं' असे ते म्हणाले, आणि आजी 'नाही' म्हणाली. हेही घरात ऐकले होते. का नाही, ते तिने सांगितले नाही.

खाली आलो तर अण्णा आपल्या बसण्याच्या दिशेने नव्हे, तर आवाजाच्या दिशेने तोंड करून बसलेले. पाण्याचा आवाज तिथवर येत होता. लांबून तो मालगाडी जावी तसा वाटतो. फक्त ही गाडी संपत नाही.

बंधाऱ्याच्या तोंडाशी आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. समोरचे दृश्य वर्णावे असे फार मनात आहे, पण वर्णनाने पाणी ओले होत नाही. गढूळ, तांबूस, चहात दूध कमी पडावे तशा रंगाची बोरी बंधाऱ्याला येऊन टेकली होती आणि दोन ठिकाणी एकदम तोल जाऊन खाली पडत होती. एक धार रुंद, जाड. दुसरी तिच्या मानाने नाजूक. खालून उडालेले तुषार परत वर येऊन आमच्या चष्म्यांवर बसत होते. पोरेसोरे ओरडत होती, नवविवाहित जोडपी छायाचित्रे काढून घेत होती, आणि एक आजीबाई दोन्ही धारांना हळदकुंकू वाहत होत्या.

या बंधाऱ्याचा विचार केला की मन थक्क होते. किल्ल्याच्या माणसांना वेढ्याच्या काळात पाणी पुरावे हा त्याचा पहिला उपयोग. दुसरा, शत्रूला किल्ल्याची ही बाजू पाण्याने बंद करावी. एवढ्यावर कुणाही शहाण्या कारभाऱ्याने थांबायला हरकत नव्हती. पण तिथे गादीवर होता दुसरा इब्राहीम आदिलशहा. १५८० ते १६२७ एवढी त्याची कारकीर्द. 'किताब-ए-नवरस' लिहिणारा, मुसलमान सुलतान असून सरस्वतीला वंदन करणारा, लोक ज्याला जगद्गुरू म्हणत तो. पाणीमहाल १६१३ सालचा, याच इब्राहीमच्या कारकिर्दीतला. महालात फार्सी शिलालेखही आहे. पाणी अडवायचे, लढाईची तयारी ठेवायची, आणि एवढे करून झाल्यावर त्याच भिंतीच्या पोटात शिरून, कोसळणाऱ्या पाण्याच्या मागच्या अंगाला खिडकीत बसायचे! तिथे बसून राज्यकारभार होत नाही, तोफ डागता येत नाही, फार काय, पान लावायला सांगितले तर हुजऱ्याला ऐकू जायचे नाही. काहीच करता येऊ नये, अशी ती खोली आहे. आणि ती बांधली कुठे, तर जिथे चार वर्षांतून एकदा नदी धड वाहते त्या मुलखात.

आता मुख्य अडचण आली. महालात उतरायला बंधाऱ्याच्या माथ्यावरून आत जिना आहे. अरुंद, काळोखी, दगडी पायऱ्या, त्या दिवशी वरून ओल्याही. चाकांची खुर्ची तिथे येणे शक्य नव्हते. मी अण्णांना पाठीवर घेऊन उतरायचे मनात आणले होते. ड्रायव्हरही तयार होता. दाराशी एक रखवालदार उभा होता, थोड्या थोड्या माणसांना आत सोडत होता. त्याने अण्णांकडे पाहिले आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, जवान माणसं घसरायलीत. म्हाताऱ्याला नका घालू." मला राग आला. श्रावणात येऊन गेलो, दीड महिना फोनची वाट पाहिली, पाणी आले, आणि आता पंचवीस-तीस पायऱ्यांनी अडवावे! मी हुज्जत घालू लागलो. तेवढ्यात अण्णांनीच माझ्या सदऱ्याला हात लावला.

"तू जाऊन ये," ते म्हणाले. "मी जाऊन आलोय की."

उतरलो. पाचसहा पायऱ्या गेल्या आणि बाहेरचे जग बंद झाले. भिंतीला हात लावला तर ती थंडगार होती आणि अगदी बारीकशी थरथरत होती, जात्यावर हात ठेवावा तशी. जिना वळला, कमानी आल्या, छोटे दालन आले. चुन्यात काढलेली नक्षी अजून कुठे कुठे टिकून आहे. आणि मग समोर खिडकी.

खिडकीच्या पुढे पाणी पडत होते. आत एक थेंबही नव्हता. पाणी भिंतीला सोडून पुढे झेप घेत होते आणि त्याच्या फटींतून खालची दरी, पलीकडची झाडे, उन्हाचा एखादा तुकडा दिसे आणि पुसला जाई. मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकलो. नऊवारी नेसलेली बाई इथे पाय जवळ घेऊन बसली तर किती जागा लागेल याचा अंदाज घेतला. तिच्याशेजारी आठ वर्षांचे पोर सहज मावले असते. आजीने किल्ल्यात येण्याची हिंमत कधी केली, कोणाबरोबर आली, मास्तरांना सांगून आली की न सांगता, यांतले काहीही आता कळण्यासारखे नाही. चूल, विहीर आणि म्हैस यांतून एक दुपार तिने काढली होती एवढे मात्र झाले असावे.

माझ्या शेजारी एक तरुण जोडपे उभे होते. नवरा बायकोच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडत होता. बायको हसून मान हलवत होती; तिला काही कळत नसावे. मी मुद्दाम मोठ्याने 'अण्णा' म्हणून हाक मारून पाहिली. माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

दहा मिनिटांनी वर आलो तेव्हा माझा चष्मा पुसून देत सौ. म्हणाली, "एवढा वेळ?" अण्णांच्या हातात चहावाल्याने आणून दिलेला कागदी पेला होता. तो पठ्ठ्या आम्हांला हुडकत बंधाऱ्यापर्यंत आला होता आणि पैसे घ्यायला तयार नव्हता.

"खिडकी आहे ना?" अण्णांनी विचारले.

"आहे."

"पाणी?"

"पुढनं पडतंय. आत येत नाही."

"काही ऐकू आलं?"

"काही नाही, अण्णा."

"हां," ते म्हणाले, आणि राहिलेला चहा त्यांनी सावकाश संपवला. मग परतताना त्यांनी मला पुन्हा धाकट्या काकांच्या नावाने हाक मारून विचारले की, म्हशीला पाणी दाखवले का. मी म्हणालो, दाखवले.